शेवटच्या गाडीचा डाव

सुट्टीच्या दिवशी आमच्या घरी मोबाईलवर कार्टूनच्या गाड्यांची शर्यत चालते. कुणी केळीचं साल टाकतो, कुणी वीज पाडतो. मोठ्यांना तो निव्वळ गोंधळ वाटतो, पण त्यामागे हिशोब आहे.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९९२ साली ‘सुपर मारिओ कार्ट’ काढला. २०१९ पासून मारिओची शर्यत मोबाईलवरही आहे. वाटेवरच्या पेटीत पुढच्याला बहुधा साधी वस्तू मिळते, मागे पडलेल्याला भारी. १९९६च्या खेळात तर निळं कवच आलं. ते पहिल्या नंबरच्या गाडीचाच माग काढतं. सापशिडीतला साप कोण पुढे आहे हे बघत नाही, हे कवच बघतं. आपला शंकरपट याच्या अगदी उलट, तिथे जोडी आणि धुरकरी चांगला की निकाल सेकंदात. आमच्या खात्यातली ज्येष्ठता यादी तर त्याहून कडक!

म्हणूनच सहा वर्षांचा भाचा कॉलेजातल्या ताईसोबत खेळतो आणि मागे पडला तरी उठून जात नाही. सराव करणाऱ्यावर अन्याय होतो, हे खरं. कवच बसल्यावर ताईने फोन पलंगावर फेकला होता. पण आपल्या स्पर्धांत दरवर्षी तीच चार मुलं बक्षिसं नेतात, बाकीची पुढल्या वर्षी नावच देत नाहीत. वक्तृत्व, चित्रकला आहे तशी राहू द्या. सोबत एक संध्याकाळ या शर्यतीची ठेवू. आजी-आजोबांचीही नावं घ्या. पडदा आणि फोन जोडून देण्याचं काम आमच्याकडे.