खाटेजवळचे पद

महाराष्ट्रातील परिचर्येचे विद्यापीठीय शिक्षण आज प्रामुख्याने नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आणि म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावर वसलेल्या या विद्यापीठातून बी.एस्सी. नर्सिंग, पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, एम.एस्सी. नर्सिंग आणि पीएच.डी. या पदव्या मिळतात. मुंबईचे एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि काही अभिमत विद्यापीठे आपापल्या पदव्या देतात, तो भाग वेगळा. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र डिप्लोमा) हे दोन अभ्यासक्रम पदवीचे नाहीत. त्यांच्या परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. पालक प्रवेशाच्या खिडकीशी सर्वांत जास्त गोंधळतात ते इथेच. शिक्षण कोणतेही असो, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदल्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही.

परिचारिकांच्या या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात क्षेत्राचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. तो येथेही घेतला आहे, मात्र एका जागी तो अडणार आहे आणि ती जागा वक्तीने पुष्कळ वर्षांपूर्वीच हेरून ठेवलेली आहे.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बारावी उत्तीर्ण, खुल्या वर्गासाठी विज्ञान विषयांत ४५ टक्के गुण आणि वयाची सतरा वर्षे पूर्ण ही पात्रता, शिवाय राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेशपरीक्षा. भारतात ही पदवी १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाली. त्याच वर्षीच्या आरोग्यविषयक भोर समितीच्या अहवालानेही विद्यापीठीय परिचर्या शिक्षणाचा आग्रह धरला होता. मुंबईत एसएनडीटीचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ चे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये अभ्यासक्रम बदलला, वार्षिक परीक्षा जाऊन आठ सत्रे आली, श्रेयांक आले आणि शेवटचे सत्र आंतरवासितेचे झाले. सत्र पद्धत चांगली की वार्षिक, यावर कालच्या परिसंवादात दोन तास गेले. प्रस्तुत वक्तीने दोन्ही पद्धतींत शिकवले आहे. विद्यार्थिनी परीक्षेआधीच्या तीन आठवड्यांतच अभ्यास करतात. पूर्वी असे तीन आठवडे वर्षातून एकदा येत, आता दोनदा येतात. वाद एवढ्यावर मिटावा. पहिल्या सत्रात कम्युनिकेटिव्ह इंग्लिश हा विषय आहे. तो असावाच, पण सुरगाण्याच्या किंवा बागलाणच्या बाईला ‘डिस्प्निया’ होत नाही, तिला धाप लागते. ती आपल्या बोलीत काय सांगते ते ज्या मुलीला कळत नाही, तिच्या सुबक नर्सिंग केअर प्लॅनचा उपयोग तपासनिसालाच.

पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांचे, जीएनएम झालेल्या नोंदणीकृत परिचारिकांसाठी. या राज्यातील कितीतरी पाठ्यनिर्देशिका याच दारातून आत आल्या, प्रस्तुत वक्तीही त्यांपैकीच. घरी शाळेत जाणारी दोन मुले, सासूबाईंचे गुडघे आणि हातात बायोकेमिस्ट्रीचे पुस्तक असा तो काळ. सेवेतील अनुभव घेऊन आलेल्या विद्यार्थिनींना शिकवणे अवघड असते, कारण पुस्तकातले चूक असेल तर त्या तिथल्या तिथे सांगतात. यापेक्षा चांगला वर्ग शिक्षकाला मिळत नाही.

एम.एस्सी. नर्सिंगही दोन वर्षांचे. पदवीला ५५ टक्के गुण, नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव हवा. शाखा पाच : मेडिकल सर्जिकल, सामुदायिक आरोग्य, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग आणि मानसिक आरोग्य. आढावा अडतो तो इथे.

राज्याच्या रुग्णालयीन सेवेत परिचर्येच्या पदांची उतरंड ठरलेली आहे. अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका. बाजूला शिकवणारी पाठ्यनिर्देशिका. पहिले पद खाटेजवळचे आहे. दुसरे खाटांच्या रांगेजवळचे, म्हणजे इंडेंट, लिनन, ड्यूटी रोस्टर आणि हरवलेल्या थर्मामीटरचे. त्यापुढची पदे कार्यालयातली आणि पाठ्यनिर्देशिका वर्गातली. प्रसूती परिचर्येत एम.एस्सी. केलेल्या परिचारिकेने प्रसूतिगृहातच, बाळंतिणीजवळच, आपल्या जास्तीच्या ज्ञानाचा अधिकार आणि पगार घेऊन राहावे, असे पद या उतरंडीत नाही. डॉक्टर एम.डी. झाला की रुग्णाच्या आणखी जवळ जातो. परिचारिका एम.एस्सी. झाली की रुग्णापासून उठून फळ्यापाशी जाते. प्रस्तुत वक्तीची तक्रार एवढीच आहे आणि ती जुनी आहे.

एक अनुभव नोंदवणे इथे आवश्यक आहे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातील एका ग्रामीण रुग्णालयात प्रस्तुत वक्ती डिप्लोमावर अधिपरिचारिका होती. रात्री दोनचा सुमार. पेठ भागातून आलेली एक बाई बारा वाजता बाळंत झालेली. बाळ ठीक, बाईचा रक्तदाबही ठीक. ती एवढेच म्हणाली, की आतून रितं रितं वाटतंय. नाडी मघाशी ८८ होती, ती ११२ झाली होती. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय घट्ट गोळ्यासारखे न लागता मऊ लागले. चादर उचलल्यावर बाकीचे दिसले. चोळणे, सलाईन, ऑक्सिटोसिन, डॉक्टरांना हाक. उजाडेपर्यंत बाई सावरली आणि सकाळी तिने चहा मागितला.

असे का घडते, हे पुष्कळ वर्षांनी एम.एस्सी.च्या वर्गात नीट कळले. रक्त जात असताना शरीर नाडी वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच वेळ टिकवून धरते. बाळंतिणीत तर गर्भारपणात वाढलेल्या रक्तामुळे हा आडपडदा आणखी जाड असतो. त्यामुळे रक्तदाब पडण्याची वाट पाहणारी परिचारिका उशीर करते. परीक्षेत हे उत्तर आकृतीसह लिहिले आणि गुण चांगले मिळाले. मात्र ते उत्तर येऊ लागल्यापासून आजपर्यंत प्रस्तुत वक्तीने रात्री दोन वाजता एकाही बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवलेला नाही. पदवी हाती आल्यावर प्रसूतिगृहात परत पाठवावे असा अर्ज केला होता. कार्यालयातील कारकुनाने तो वाचला आणि अगदी आपुलकीने विचारले, “आता तुम्ही मॅडम झालात, वॉर्डात काय करता?” त्या माणसाचा दोष नव्हता. त्याच्याजवळच्या यादीत तसे पदच नव्हते.

डिप्लोमा बंद करून पदवी हीच किमान पात्रता करावी, हा सहकाऱ्यांचा दुसरा मोठा वाद. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने १९८९ च्या अहवालात पदवीधर व्यावसायिक परिचारिका आणि सहायक परिचारिका असे दोनच स्तर सुचवले होते. जीएनएम तरीही चालू आहे. या वादात दोन्ही बाजूंनी बरेच कागद वाचले गेले, म्हणून एका वॉर्डाची हकिगत पुरेशी ठरावी. त्या वॉर्डात एकाच रोस्टरवर एक डिप्लोमावाली सिस्टर आणि एक पदवीधर सिस्टर होती. तान्ह्या बाळाची शीर सापडेना की सगळा वॉर्ड पहिलीला हाक मारी. घरी जाताना इन्सुलिन कसे टोचायचे, ते फ्रीज नसेल तर कुठे ठेवायचे, हे घरच्यांना पटवायचे असले की दुसरीला. सहा महिन्यांत दोघींना दोन्ही कामे येऊ लागली. पगारपत्रकावर त्या पहिल्या दिवसापासून सारख्याच होत्या आणि सहा महिन्यांनीही सारख्याच राहिल्या. कोणता अभ्यासक्रम बंद करावा हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. शिकल्याने खाटेजवळ काय बदलते, याचे उत्तर व्यवस्थेकडे नसेल, तर सगळ्यांना पदवीधर करूनही ते सापडणार नाही.

हे उत्तर शोधण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतीय परिचर्या परिषदेने नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला. त्यात विद्यार्थी बहुतेक वेळ अतिदक्षता विभागातच असतो, वर्गात थोडाच. २०१८ मध्ये केंद्राने प्रसाविकांच्या सेवेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी ही कल्पना पुढे आली. अतिदक्षता, नवजात शिशू, कर्करोग, शस्त्रक्रियागृह यांसाठी एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहेत. कर्करोग परिचर्येचे शिक्षण कसे खाटेला खेटून देता येते, ते मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये पाहावे. हे सगळे अभ्यासक्रम खाटेकडे तोंड करून उभे आहेत आणि प्रस्तुत वक्तीचा जीव त्यांच्यातच अडकलेला आहे. पण अभ्यासक्रम काढणारी संस्था एक आणि पद निर्माण करणारे खाते दुसरे. मुलगी शिकून बाहेर येते आणि पुन्हा अधिपरिचारिकेच्या जाहिरातीलाच अर्ज करते, नाहीतर परदेशाचा रस्ता धरते. तिला कोणत्या तोंडाने थांबवावे, हे या सभागृहातल्या एकाही प्राचार्याला सांगता येणार नाही.

वॉर्डात हुशार मुली टिकत नाहीत, त्यांना शिकवण्याचीच हौस असते, असे एक मत या परिषदेत दरवर्षी कोणीतरी मांडते. वर्गात बसलेल्या हुशार मुलींना आपण वॉर्ड का सोडणार असे विचारले, की त्या पगाराचा आकडा आणि नाइट ड्यूटी सांगतात. हौसेचा उल्लेख प्रस्तुत वक्तीने आजवर ऐकलेला नाही.

पीएच.डी.बद्दल थोडक्यात. आरोग्य विज्ञान विद्यापीठात ती करता येते, मार्गदर्शक कमी आहेत आणि विषय बहुतेक वेळा प्रश्नावलीने सुरू होऊन प्रश्नावलीनेच संपतात. नियोजित शिक्षणकार्यक्रमाचा अमक्यांच्या ज्ञानावर होणारा परिणाम या साच्यातले प्रबंध आता पुरे झाले. जखम कशी भरते, कण्हणारा माणूस कशाने झोपतो, यावर संशोधन हवे. विद्यापीठाच्या रचनेत परिचर्या अलाइड हेल्थ सायन्सेस या विद्याशाखेत मोडते. खाटेशी चोवीस तास असणाऱ्यांना अलाइड म्हणायचे, तर मुख्य कोण, हाही एखाद्या प्रबंधाचा विषय होऊ शकेल.

२०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संसदेने संमत केला. भारतीय परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आहे. नवी रचना घडत असतानाच क्लिनिकल स्पेशालिस्ट, म्हणजे खाटेजवळच्या तज्ज्ञ परिचारिकेचे पद मागून घेतले पाहिजे. त्यासाठी पदाचे नाव, कामाची यादी, वेतनश्रेणी आणि कोणत्या वॉर्डात किती जणी, असा मसुदा तयार करावा लागेल. एक छोटी समिती नेमावी, तिने विद्यापीठाशी, आरोग्य खात्याशी आणि वैद्यकीय शिक्षण विभागाशी बोलावे. तपशील समितीने ठरवावेत. प्रस्तुत वक्ती निवृत्त आहे, टंकलेखन करून देईल.

त्या आधी एक माहिती लागेल. प्रत्येक प्रतिनिधीने आपल्या रुग्णालयात एम.एस्सी. झालेल्या परिचारिका किती आणि त्यांपैकी आज प्रत्यक्ष वॉर्डात ड्यूटीवर किती, हे दोन आकडे एका कागदावर लिहून जेवणाच्या सुट्टीआधी नोंदणीच्या टेबलावर द्यावेत. दुसरा आकडा शून्य असेल तर शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये.