पाण्याच्या तारखा



आफ्रिकेत सफारीला जायचं ठरलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो सुट्टीचा. मे महिना की दिवाळी? तारखा बसल्या की तिकिटं, तिकिटं झाली की हॉटेल. बोत्स्वानाला जाणार असाल तर हा क्रम बदला, एवढंच सांगायला मी आज उभा आहे. तिथे पहिला प्रश्न हा की त्या दिवसांत पाणी कुठे असेल?

महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आकाराचा हा देश. माणसं मात्र साधारण एकट्या नागपूर शहरात असतील एवढी, आणि हत्ती सव्वा लाखाच्या वर. बहुतेक भूमी कालाहारीच्या वाळूची. तिथल्या चलनाचं नाव पुला, म्हणजे पाऊस. राजमुद्रेवरही तोच शब्द आहे. ज्या मुलखात पाऊस हाच पैसा, तिथला प्रवास पाण्याला विचारूनच करावा.

आत्ता आपण इथे वैशाखाच्या उकाड्यात बसलो आहोत आणि तिकडे ओकावांगो नदीचं पाणी पसरत चाललं आहे. हे पाणी ज्या पावसाचं, तो बोत्स्वानात पडलेलाच नाही. नोव्हेंबर ते मार्च अंगोलाच्या डोंगराळ भागात तो पडतो, नदीने खाली येतो आणि मोहेंबोपाशी बोत्स्वानात शिरतो. पुढे किलोमीटरला जेमतेम फूटभर उतार. पाणी लव्हाळ्यांतून, पपायरसमधून अक्षरशः रांगत जातं. मौन गावाशी पोचायला जून उजाडतो, कधी जुलै. म्हणजे आभाळात महिनोन्‌महिने ढग नाही, गवत वाळलेलं, आणि नेमक्या त्या कोरड्या हिवाळ्यात जमिनीवर पूर चढतो! समुद्र या नदीला भेटतच नाही. जवळपास सगळं पाणी वाळू, झाडं आणि ऊन पिऊन टाकतात. २०१४ मध्ये ओकावांगोचा हा त्रिभुज प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. त्या यादीतलं ते हजारावं स्थळ.

मी पहिल्यांदा गेलो ते दिवाळीच्या सुट्टीत. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत तापलेला महिना, पारा चाळिशीला टेकतो. ओकावांगोतलं पाणी ओसरलेलं होतं. पण चोबे नदीवर जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. आतल्या जंगलातली तळी आटलेली, त्यामुळे हत्तींचे कळपामागून कळप नदीवर उतरत होते. दुसऱ्यांदा जुलैत गेलो. पहाटे उघड्या जीपमध्ये कानटोपी आणि हातमोजे लागले. दुपारी मोकोरोत बसलो. ही पूर्वी एका खोडातून कोरलेली होडी, आता बहुधा फायबरची. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ती रेटतो. इंजिन नाही, म्हणून बेडकांचा आवाजही ऐकू येतो. हत्ती पाहायचे तर सप्टेंबर-ऑक्टोबर, पाणी पाहायचं तर जुलै-ऑगस्ट. मलाच विचाराल तर जुलै. आपल्याकडे शाळा सुरू झालेल्या असतात, हे खरं. मे महिन्याशिवाय सोयच नसेल तर त्रिभुज प्रदेशाच्या उत्तर भागात जा, पूर तिथे आधी पोचतो.

थोडं तयारीचं. आतल्या तळांवर छोट्या विमानाने जावं लागतं. त्यात १५ ते २० किलोच सामान चालतं, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग घरीच ठेवा. जाताना-येताना आदिस अबाबा किंवा नैरोबीला विमानतळाबाहेर मुक्काम करणार असाल तर पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर परतल्यावर विलगीकरणात ठेवतात. उत्तर बोत्स्वानात मलेरिया आहे. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, ते अंगावर काढण्याचं दुखणं नव्हे.

खर्च मोठा आहे, ते लपवत नाही. थोडे पर्यटक आणि चढे दर हे तिथलं जाणूनबुजून घेतलेलं धोरण आहे. मला ते पटतं, कारण एका सिंहाभोवती वीस जीपगाड्यांचा गराडा तिथे सहसा दिसत नाही. पैसे बेताचे असतील तर मौनमध्ये राहून दिवसभराची मोकोरो फेरी करा.

आणि मोरेमीला जाल तेव्हा एक ध्यानात असू द्या. हे अभयारण्य गोऱ्या सरकारने आखलेलं नाही. तिथल्या बटावाना लोकांनी १९६३ मध्ये आपल्याच शिकारीच्या जमिनीवर ते उभं केलं, तेव्हा त्यांचा कारभार पुलाने मोरेमी या राणीच्या हाती होता. त्यात झळही बसली. आत राहणाऱ्या सान जमातीच्या कुटुंबांना घरं सोडून ख्वाई नदीच्या पलीकडे यावं लागलं. आज तिथे ख्वाई गाव आहे आणि गावाची संस्था स्वतः पर्यटन चालवते. तेव्हा आठवड्याचा बेत आखताना एक रात्र ख्वाईच्या तळासाठी राखून ठेवा. गेल्यावर ‘दुमेला रा’, ‘दुमेला म्मा’ म्हणून नमस्कार करा, आणि नदी यंदा कुठवर आली ते गावकऱ्यांनाच विचारा.