पाटीचं वजन कोण मोजणार?

(रायगड किनाऱ्यावरील महिला मंडळे व बचत गट यांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या विषयाचं नाव ऐकून मागच्या रांगेतल्या काही जणी हसल्या. हसण्यासारखंच आहे ते. ‘अर्गोनॉमिक्स’. काम आणि नियम अशा दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. बाईनं किंवा बाप्यानं कामासाठी शरीर मोडून घ्यायचं नाही, कामच शरीराला जुळेल असं करून घ्यायचं, एवढंच हे शास्त्र सांगतं. एवढी साधी गोष्ट सांगायला शास्त्र लागावं, यातच आपल्या समाजानं श्रमाची काय किंमत केली ते दिसतं.

थळ, नवगाव, वरसोलीपासून मुरूडपर्यंत मी बैठका घेते. विषय असतो दारूचा, रेशनकार्डाचा, नवऱ्यानं टाकलेल्या बाईच्या पोटगीचा. पण बैठक संपवून उठताना जवळजवळ प्रत्येकीचा हात आधी गुडघ्यावर जातो. कोळंबी सोलणारी तासन्‌तास उकिडवी बसते. जवळा वाळत घालणारी कमरेत वाकलेली. बोंबील वलांडीवर टांगणारीचे हात सतत खांद्याच्या वर. लावणीच्या दिवसांत चिखलात ओणवं राहायचं, आणि बाजाराच्या दिवशी बर्फाचं पाणी गळणारी पाटी डोक्यावर. घरी गेल्यावर पाणी, चूल, म्हातारी सासू. डॉक्टर म्हणतात, “वय झालं.” पस्तिसाव्या वर्षी?

या दुखण्यांचा अभ्यास करणारी माणसं जगात आहेत आणि त्यांची संघटनाही आहे. आंतरराष्ट्रीय अर्गोनॉमिक्स संघटना १९५९ साली स्थापन झाली. तिचं पहिलं अधिवेशन १९६१ मध्ये स्टॉकहोमला भरलं आणि आता दर तीन वर्षांनी भरतं. ही मुख्यतः संघटनांची संघटना आहे. देशोदेशीच्या पन्नासहून जास्त संस्था तिला जोडलेल्या आहेत, त्यात आपली इंडियन सोसायटी ऑफ अर्गोनॉमिक्सही आहे. आपल्या गटांचा तालुका संघ आणि तालुक्यांचा जिल्हा संघ होतो, तसंच हे समजा.

अशी जागतिक संघटना देशातल्या लहान संस्थेला काय देते? पहिली गोष्ट म्हणजे ओळख. विद्यापीठात कोपऱ्यात बसलेल्या दोन-चार प्राध्यापकांना “तुमचा विषय खरा आहे” असं सांगणारं कुणीतरी बाहेर उभं राहतं. मग या विषयातला माणूस काय शिकलेला असावा याचे निकष ठरतात, परिषदेला आपलं नाव दिलं जातं. जिथे एकेका देशात माणसं फार थोडी, तिथे शेजारचे देश मिळून संस्था करतात. आग्नेय आशियात १९८४ साली अशीच एक संस्था उभी राहिली. एकट्या गावातल्या गटाला फेडरेशनचा आधार का लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण मिळालेला आधार खाली कुठवर पोचला, हाही प्रश्न आहे. २०१५ साली पवईच्या आयआयटीत भारतीय सोसायटीची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिचा विषय माणसांची काळजी घेणारं अर्गोनॉमिक्स असा होता. विषय चांगलाच आहे. मांडव्याहून लाँचनं गेटवेला तासाभरात पोचता येतं, तिथून पुढे पवई. आपले बोंबील हे अंतर रोज कापतात. शास्त्राला उलट दिशेनं येणं मात्र जड जातं. मी प्राध्यापकांना दोष देत नाही. त्यांची बढती निबंधावर ठरते, निबंध इंग्रजीत लागतो आणि परदेशातल्या अधिवेशनाची फी डॉलरमध्ये असते. अशा रचनेत ज्याचा अभ्यास होतो तो ‘कामगार’ बहुधा कारखान्यातला किंवा संगणकासमोरचा असतो.

ओझ्याचंच पाहा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली ओझ्याच्या कमाल वजनाचा करार केला. त्यासोबतच्या शिफारशीत पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सांगितली आणि बाईचं ओझं त्याहून बरंच कमी असावं असं म्हटलं. पण हे लागू व्हायला ओझं उचलायला लावणारा मालक असावा लागतो. स्वतःच्या पैशानं मासळी घेऊन स्वतःच्या डोक्यावरून नेणारी कोळीण कुणाची कामगार? तिच्या पाटीचं वजन कुणी करतच नाही.

आता आपल्या उपयोगाची गोष्ट सांगते. श्रम संघटना आणि ही अर्गोनॉमिक्स संघटना यांनी मिळून १९९६ साली एक चित्रमय पुस्तक काढलं. त्यात कामाची जागा सुधारण्याचे १२८ मुद्दे होते. २०१० च्या आवृत्तीत ते १३२ झाले, आणि २०१२ मध्ये शेतीसाठी १०० मुद्द्यांचं वेगळं पुस्तक आलं. मुद्दे अगदी घरगुती आहेत: डब्याला नीट धरता येईल अशी मूठ लावा, काम कोपराच्या उंचीवर आणा, उचलण्याऐवजी चाकावरून न्या, आळीपाळीनं बसा आणि उभं राहा, जवळ पिण्याचं पाणी व संडास ठेवा.

मला सगळ्यात आवडली ती विचारण्याची पद्धत. प्रत्येक मुद्द्यापुढे “हे करावं असं तुम्ही सुचवता का?” असा प्रश्न आहे आणि उत्तरं तीन: नाही, होय, आधी हेच. म्हणजे बाहेरून आलेला तज्ज्ञ तुम्हाला मार्क देत नाही. काम करणारीच ठरवते.

हे शेतकरी कुटुंबांत करून पाहिलं गेलंय. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात, आपल्यासारख्याच भातशेतीच्या मुलखात, १९९० च्या दशकात तिथल्या आणि जपानच्या तज्ज्ञांनी याच पद्धतीनं शिबिरं घेतली. नवरा-बायको दोघं बसायची, आपल्याच पंचक्रोशीतल्या चांगल्या युक्त्यांचे फोटो बघायची आणि यादीवर खुणा करायची. परदेशी यंत्राचा फोटो दाखवायचा नाही, असा नियमच होता. आपल्याकडची चुंबळ ही अशीच युक्ती आहे. बायकांनी ती शोधली तेव्हा कुठली परिषद भरली नव्हती.

मात्र दोन बाबतींत सावध राहा. गृहविज्ञानाच्या अभ्यासांत ओट्याची उंची कितीदा मोजली गेली असेल, पण ओट्यापुढे दुसरं कुणी का उभं राहत नाही, हे मोजायला फुटपट्टी निघाली नाही. आणि सोलण्याची मजुरी किलोवर असते. उद्या बसायला चौरंग मिळाला आणि त्याच्या जोरावर व्यापाऱ्यानं भाव पाडला, तर गुडघा वाचेल आणि पोट मरेल. चाकं आली की कामच पुरुषांच्या हाती जातं, हेही आपण पाहिलंय. म्हणून उंची, भाव आणि गाडी कुणाच्या नावावर, या तिन्हींची चर्चा एकाच बैठकीत व्हायला हवी.

शास्त्राकडे आपण रिकाम्या हातानं जायचं नाही. भारतीय शरीरांची मापं १९९७ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं पुस्तकरूपानं छापली. शेतात काम करणाऱ्या बायका-पुरुषांची मापं आणि ताकदीचे आकडे भोपाळच्या कृषी अभियांत्रिकी संस्थेनं २००९ मध्ये दिले. टेबल किती उंच हवं, हे अशा मापांवरून ठरतं. मग आपली मागणी अशी, की पुढचं मोजमाप बंदरावर येऊन करा, मासळी हाताळणाऱ्या बायकांचं करा, आणि निष्कर्ष मराठीत आम्हाला वाचून दाखवा. भारतीय सोसायटीला आपण पत्र लिहू या. जागतिक संघटनेलाही लिहू या, की विकसनशील देशांसाठी तुम्ही जे करता, त्यात एक जागा प्राध्यापकांबरोबर बंदरावरच्या बाईलाही द्या.

सगळं त्यांच्यावर अवलंबून नाही. वाळूत साधी हातगाडी रुतते, हे कुठल्याही पुस्तकाआधी आपल्याला माहीत आहे. तेव्हा किनाऱ्यापासून रस्त्यापर्यंत पक्का उतार, सोलण्यासाठी छप्पर आणि ओटा, आणि बायकांसाठी संडास, या मागण्या ग्रामपंचायत आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडे आजही नेता येतील.

त्यासाठी आकडे लागतील. पुढच्या महिन्याच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गटानं एक ताणकाटा मिळवावा. आठ दिवस, भरलेली पाटी डोक्यावर जायच्या आधी तोलायची आणि वहीत तीन गोष्टी लिहायच्या: वजन, किती चाललो, आणि पाटी उचलून द्यायला कुणी होतं का. लिहिता न येणारीनं रेघा माराव्यात. नवगावच्या बायकांनी वहीचा नमुना आखून आणलाय, तो जेवणानंतर घेऊन जा.