बदललेला ट्रिगर आणि बदलणाऱ्याची जबाबदारी

सिॲटल, रेडमंड, कर्कलंड, रेंटन इथून आज बेलव्ह्यूत जमलेल्या मराठी अभियंता बंधुभगिनींनो,

या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आपल्यातले बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत, काही विमाने बांधतात, काही ट्रकच्या कारखान्यांसाठी काम करतात. मी यंत्र अभियंता आहे आणि अनेक वर्षे नेमबाजीच्या मैदानावर सुरक्षेचे काम पाहत आलो आहे. म्हणून आजच्या भाषणासाठी मी माझ्या अनुभवातला विषय निवडला आहे: अर्धस्वयंचलित रायफलमध्ये बाजारातून आणलेला नवा ट्रिगर बसवणे, आणि बसवल्यावर त्याची सुरक्षा तपासणे.

मराठी माणसांच्या मेळाव्यात हा विषय सहसा निघत नाही. पण आपण ज्या वॉशिंग्टन राज्यात राहतो तिथे बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्क मानला जातो. आपल्यातले काही जण नेमबाजी करतात, काहींची मुले त्यात रस घेऊ लागली आहेत, आणि ज्यांच्या घरी बंदूक नाही त्यांची मुले बंदूक असलेल्या घरी खेळायला जातात. बंदूक घ्यावी की घेऊ नये, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच की सुरक्षेचा भार वाहणारा भाग जो बदलतो, तो त्या क्षणापासून निर्मात्याची जबाबदारी स्वतःकडे घेतो. भाग बसला म्हणजे काम झाले असे नव्हे. यंत्र सुरक्षित आहे हे सिद्ध झाले, म्हणजे काम झाले.

आधी यंत्र समजून घेऊ. यूजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत १९५० च्या दशकात जी एआर-१५ रायफल घडवली, तिच्या वंशातल्या रायफली आज अमेरिकेत सर्वत्र दिसतात. तिच्या ट्रिगरच्या जुळणीत मोजके भाग असतात: ट्रिगर, हॅमर, डिस्कनेक्टर, त्यांच्या स्प्रिंगा, दोन पिना आणि सेफ्टीचा दांडा. ताणलेला हॅमर ट्रिगरच्या पुढच्या कडेवर अडकून राहतो. या कडेला सिअर म्हणतात. बोट दाबले की सिअर सरकते, हॅमर सुटतो, फायरिंग पिनवर आदळतो आणि गोळी सुटते. मग बोल्ट मागे जाऊन हॅमरला पुन्हा खाली दाबतो. नेमबाजाचे बोट अजून दाबलेलेच असते, तेव्हा हॅमरला धरून ठेवतो तो डिस्कनेक्टर. बोट सैल झाले की तो हॅमर सिअरच्या हवाली करतो. एका दाबाला एकच गोळी, ही या रायफलची मर्यादा त्या छोट्याशा तुकड्यावर टिकून आहे.

सिअर आणि हॅमर यांची पकड मिलिमीटरच्या अंशांत मोजावी लागते. पकड जास्त असेल तर ट्रिगर जड आणि खरखरीत लागतो, कमी असेल तर हलका आणि मऊ लागतो. सैनिकी धर्तीचा मूळ ट्रिगर ओढायला साधारण अडीच किलो किंवा त्याहून अधिक जोर लागतो. बाजारातले अनेक ट्रिगर दीड किलोच्या आसपास सुटतात. हलक्या ट्रिगरमुळे नेम कमी हलतो, म्हणून लोक तो बसवतात. यात गैर काही नाही. पण जी पकड कमी केल्याने नेम सुधारतो, तीच पकड धक्क्याला, धुळीला आणि चुकीला थोपवून धरत असते. म्हणून ट्रिगर जितका हलका, तितकी तपासणी कडक असली पाहिजे.

क्रीडा-नेमबाजीने हे फार पूर्वी ओळखले आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. त्या प्रकारातले पिस्तूल अर्धस्वयंचलित असते आणि त्याच्या ट्रिगरने निदान १००० ग्रॅम वजन पेलले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. खेळाडू कितीही नावाजलेला असो, अधिकारी ट्रिगरला वजन टांगून पाहतात. १० मीटर एअर पिस्तुलाला ही मर्यादा ५०० ग्रॅम आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात ट्रिगरच्या वजनाला किमान मर्यादा नाही, पण नेमबाजी चालू नसताना रायफलच्या चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग दिसलाच पाहिजे, हा नियम तिथेही आहे. ज्यांच्याइतकी शिस्त आपल्यापैकी क्वचितच कोणाला असेल, त्यांच्या शब्दावरही तिथे कोणी विसंबत नाही.

तपासणी ढिली पडली की काय होते, याची नोंद अमेरिकेच्या इतिहासात आहे. रेमिंग्टन कंपनीची मॉडेल ७०० ही बोल्ट ॲक्शन रायफल १९६२ पासून विकली गेली. तिच्या जुन्या ट्रिगरमध्ये ट्रिगर आणि सिअर यांच्यामध्ये कनेक्टर नावाचा एक सुटा तुकडा होता. त्याच्या मागे घाण किंवा साका अडकला तर तो जागेवर परतत नाही आणि बोट न लावताही रायफल सुटू शकते, असे दावे अनेक दशके न्यायालयांत चालले. ऑक्टोबर २००० मध्ये माँटानात शिकारीहून परतलेली एक आई रायफल रिकामी करण्यासाठी सेफ्टी काढत होती. रायफल सुटली आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. आपले बोट ट्रिगरवर नव्हते, असे तिने सांगितले. त्या मुलाच्या वडिलांनी पुढची कित्येक वर्षे कंपनीची कागदपत्रे लोकांसमोर आणण्यात घालवली. कंपनीने रचनेतला दोष कधीच मान्य केला नाही, पण सुमारे ७५ लाख बंदुकांबाबत तिला तडजोड करावी लागली.

त्याच कंपनीने २००६ साली एक्समार्क प्रो नावाचा नवा ट्रिगर आणला. एप्रिल २०१४ मध्ये तोही परत बोलवावा लागला. कारण होते जुळणीच्या वेळी जास्त लागलेले चिकटद्रव्य. कारखाना, प्रशिक्षित कामगार, गुणवत्ता विभाग हे सारे असूनही हे घडले. घरच्या टेबलावर ट्रिगर बसवणाऱ्याच्या हातात अशाच चिकटद्रव्याची छोटी बाटली असते. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून तो एक थेंब टाकतो, तो थेंब ओघळून सिअरपर्यंत जातो आणि सुकतो. याचा परिणाम मी प्रत्यक्ष मैदानावर पाहिला आहे.

आता तपासणीकडे येतो. पहिली पायरी रायफल रिकामी करण्याची. मॅगझीन काढावे, बोल्ट मागे ओढून अडकवावा, चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने चाचपावे. काडतुसे त्या खोलीतही नसावीत. दुसरी पायरी बसवतानाची. निर्मात्याची पुस्तिका समोर ठेवावी आणि स्प्रिंगांची दिशा तिच्यातल्या चित्राशी ताडून पाहावी. हॅमरची स्प्रिंग उलटी बसते, ही नवख्याच्या हातून नेहमी होणारी चूक आहे. तिचे पाय ट्रिगरच्या पिनेवर, आणि त्यांतला एक पिनेच्या खाचेत, बसायला हवेत. ते तसे बसले नाहीत तर घाव हलका पडतो आणि पिनही सरकू शकते. वरचा भाग काढलेला असताना हॅमर मोकळा सोडू नये, अंगठ्याने धरून हळू उतरवावा, नाहीतर तो रायफलच्या सांगाड्यावर आदळून इजा करतो. सिअर किंवा हॅमर कानशीने घासून ट्रिगर हलका करण्याचा मोह तर कोणीही धरू नये. त्या पृष्ठभागाचा कठीण थर गेला की पकड झिजत जाते आणि हॅमर कधी सुटेल, याचा भरवसा राहत नाही.

मग कार्यतपासणी. हॅमर ताणून सेफ्टी लावावी आणि ट्रिगर जोराने ओढावा. हॅमर हलता कामा नये. ट्रिगर सोडून सेफ्टी काढावी. बोट न लावता हॅमर पडला, तर ती रायफल तिथेच बाजूला ठेवावी. त्यानंतर ट्रिगर ओढावा. हॅमर पडला पाहिजे. आता ट्रिगर दाबलेलाच ठेवून बोल्ट मागे ओढून सोडावा. हॅमर डिस्कनेक्टरवर थांबला पाहिजे. ट्रिगर हळूहळू सैल करावा. खट् असा आवाज येऊन हॅमर सिअरवर आला पाहिजे, खाली पडता कामा नये. ही कृती सावकाश आणि झटक्यात, दोन्ही प्रकारे पुन्हा पुन्हा करावी. शेवटी हॅमर ताणलेला आणि सेफ्टी काढलेली असताना दस्त्याच्या टोकाला रबरी हातोडीने ठोकावे. धक्क्याने हॅमर पडला तर तो ट्रिगर वापरायचा नाही. ट्रिगरचे वजन मापकाने अनेक वेळा मोजून लिहून ठेवावे. मोजमापात मोठी तफावत असेल तर कुठेतरी काही अडकते आहे, असे समजावे.

इतके झाल्यावरही मैदानावर पूर्ण मॅगझीन भरायचे नाही. आधी एक काडतूस, मग दोन, मग तीन. एका दाबाला दोन गोळ्या सुटल्या तर हा दोष दोनच काडतुसांत उघड होतो. तीस काडतुसे भरलेली असतील तर नळी वर उसळत जाते आणि गोळ्या कुठे जातील, हे आपल्या हातात राहत नाही. तसा दोष दिसला तर रायफल रिकामी करून ती थेट जाणकार बंदूक-कारागिराकडे न्यावी. आणि पहिल्या सरावानंतर ही सारी तपासणी पुन्हा करावी, कारण नवे भाग बसता बसता आपली जागा बदलतात.

मित्रहो, हे सारे मी बेलव्ह्यूत का सांगतो आहे? कारण इथून दक्षिणेला काही मैलांवर रेंटन आहे. तिथल्या बोइंग कारखान्यात एका ७३७ मॅक्स विमानाचे रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी दरवाजाच्या जागेवरची झडप उघडण्यात आली. ती पुन्हा बसवली गेली, पण तिला धरणारे चार बोल्ट बसवले गेले नाहीत, आणि झडप उघडल्याची नोंदही झाली नाही. ५ जानेवारी २०२४ रोजी पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या त्या विमानाची झडप हवेत निखळली. विमानात १७७ माणसे होती आणि सुदैवाने सगळी वाचली. काम करणाऱ्यांनी रिव्हेटचे काम पूर्ण केले होते. राहून गेले ते कामानंतरचे काम. आपल्यातल्या ज्यांनी त्या कारखान्यात उमेदीची वर्षे दिली, त्यांना याचे दुःख माझ्याहून अधिक कळते. रायफलचा ट्रिगर आणि विमानाचा बोल्ट यांच्या मागे उभा असलेला नियम एकच आहे: उघडले ते नोंदवा, बसवले ते तपासा, आणि जमेल तिथे दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

भारतात हा भार कायद्याने वाटून दिला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती, बदल आणि चाचणी हा परवानाधारकाचा व्यवसाय आहे. सैन्यात हे काम प्रशिक्षित आर्मरर करतो. पुण्याच्या पाषाण येथील एआरडीई संस्थेत आपल्या अभियंत्यांनी इन्सास रायफल घडवली, पण ती वापरणारा जवान तिचा ट्रिगर स्वतः बदलत नाही. इथे मात्र ट्रिगर टपालाने घरी येतो आणि स्क्रूड्रायव्हर आपल्याच हातात असतो. स्वातंत्र्य मोठे आहे, म्हणून शिस्तही आतून यावी लागते.

वॉशिंग्टन राज्याचा कायदाही प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. २०१८ च्या जनमताने मंजूर झालेल्या आय-१६३९ या कायद्याने अर्धस्वयंचलित रायफल विकत घेण्याचे किमान वय २१ केले, आणि असुरक्षित ठेवलेली बंदूक मुलाच्या हाती लागून अनर्थ घडला तर मालकाला जबाबदार धरले. एप्रिल २०२३ पासून एआर-१५ सारख्या रायफलींची विक्री आणि आयात या राज्यात बंद झाली. ज्यांच्याकडे त्या आधीपासून होत्या, त्यांच्याकडे त्या आहेत. तो कायदा भागांबद्दलही बोलतो, म्हणून कोणताही भाग मागवण्याआधी तो आजच्या कायद्यात बसतो का, हे जाणकार वकिलाला किंवा परवानाधारक विक्रेत्याला विचारावे. गोळ्या झाडण्याचा वेग वाढवणाऱ्या उपकरणांच्या वाटेला तर आपल्यापैकी कोणीही जाऊ नये.

खंडेनवमीला आपण घरातली हत्यारे आणि अवजारे पुसून, तेल देऊन पूजेला मांडतो. त्या दिवशी हत्याराकडे नीट पाहिले जाते, हा त्या प्रथेचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. यंदा ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी त्या दिवशी ही तपासणी करावी, तिजोरीचे कुलूप पाहावे, आणि मुलांना काय सांगायचे ते ठरवावे. बंदूक हातात न घेणे, मोठ्यांना हाक मारणे आणि तिथून निघून जाणे, एवढे तीन नियम लहान मुलाला पुरतात.

या परिषदेपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, ट्रिगर स्वतः बसवण्याचा आत्मविश्वास नसेल तर बंदूक-कारागिराचे पैसे द्या. ते वाया जात नाहीत. दुसरी, स्वतः बसवलात तर केलेली तपासणी तारखेसह लिहा आणि दुसऱ्या अनुभवी माणसाला दाखवा. तिसरी, आपले मूल कोणाच्या घरी खेळायला जात असेल तर बंदूक कुलपात आहे का, हे त्या घरी संकोच न करता विचारा. मूल सुखरूप परत यावे, म्हणून विचारलेल्या प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही.

आपण अभियंते आहोत. आपल्या हातून गेलेल्या वस्तूवर अनोळखी माणसे विश्वास ठेवून जगतात. तो विश्वास तपासणीने कमवावा लागतो, प्रत्येक वेळी, नव्याने. ही सवय आपण जपाल आणि आपल्यानंतर येणाऱ्यांना लावाल, अशी अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.