उताऱ्यावर तिचंही नाव



नवऱ्याने रात्री मारून घराबाहेर काढलेली बाई सकाळी पुन्हा त्याच दारात उभी राहते. गाव म्हणतं, "तिला सवयच आहे." पण ती जाणार कुठे? माहेरी भाऊ-भावजय चार दिवस ठेवून घेतात आणि मग तेही "जुळवून घे" म्हणतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण दर चौथ्या बाईने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. तरी पंचायतीत विषय निघाला की "हा त्यांचा घरगुती मामला" असं म्हणून सगळे मोकळे होतात. मला हे मान्य नाही. पंचायतीच्या हातात नमुना आठ आहे, म्हणजे गावातल्या घरांची नोंदवही. त्यात नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचं धोरण आपल्या राज्याने कधीच स्वीकारलंय. 'घर दोघांचे' म्हणतात ते हेच.

नमुना आठ ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. पण "हे घर माझं, तू चालती हो" असं म्हणणाऱ्यापुढे या नोंदीचा उतारा ठेवता येतो, आणि सरपंचालाही "मामला त्यांचा" असं म्हणणं जड जातं. बाईच्या नावावरची मालमत्ता आणि मारहाण यांवर केरळमध्ये प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या नावावर घर नव्हतं, जमीनही नव्हती, त्यांच्यापैकी ४९ टक्के बायकांनी मारहाण सोसली होती. घर आणि जमीन दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं.

कायदाही तिच्या बाजूने आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे उताऱ्यावर नाव नसलं तरी सासरच्या घरात राहायचा हक्क तिला आहे. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला खबर देण्यासाठी तिचीच सही लागत नाही. अंगणवाडीताई, आशाताई, शेजारीण, कुणीही कळवू शकतं, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कायद्याने ठपका येत नाही. ही गोष्ट गावात फार थोड्यांना ठाऊक आहे.

गावातले तंटे गावातच मिटवणाऱ्या तंटामुक्त समितीबद्दल एक सांगते. बांधाचं भांडण मिटवावं, जरूर मिटवावं. पण मार खाल्लेल्या बाईला "झालं गेलं विसर" म्हणून परत पाठवणं म्हणजे तंटा मिटवणं नव्हे. तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे न्यावं, सोबत कुणीतरी जावं.

आणि मारहाणीला तेल घालणारी दारू. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी, मतदान मागायचा हक्क बायकांना आहे आणि अनेक गावांनी तो बजावलाय.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. तुमच्या गावात ती नुसती सह्यांपुरती होत असेल, तर या वेळी बायांनो, सगळ्या मिळून जा. नमुना आठची वही मागा, आपापल्या घराचं पान उघडायला लावा, आणि तुमचं नाव नसेल तर तिथेच अर्ज द्या.