आग विझल्यावर काय पाहिलंत?

(एका नगरपरिषदेच्या अग्निशमन जवानांच्या उजळणी वर्गात केलेलं भाषण)

बंधूंनो आणि पहिल्या रांगेतल्या तीन भगिनींनो,

आग कशी विझवायची हे मी तुम्हाला सांगणार नाही. तो अधिकार तुमचा. सकाळपासून मैदानावर तुमचा सराव पाहत होते. होज जोडणं, शिडी लावणं, बेशुद्ध माणसाला खांद्यावर घेऊन उतरणं. तुमच्यापैकी काहींनी सांताक्रूझच्या राज्य प्रशिक्षण केंद्रात सहा महिने हेच घोटवलंय. या शिक्षणात मला आणखी दोन तास हवे आहेत. कशासाठी, ते सांगते.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर माझं पहिलं काम एका सरकारी रुग्णालयाच्या जळीत वॉर्डात होतं. तिथे तेवीस वर्षांची एक मुलगी आली. लग्नाला तीन वर्षं झालेली. जबाब घ्यायला दंडाधिकारी आले, तेव्हा सासू उशाशी होती. मुलगी म्हणाली, "स्टोव्हचा भडका झाला." सहाव्या दिवशी ती गेली. दोन महिन्यांनी तिला घरातून बाहेर काढणारा जवान मला भेटला. म्हणाला, "ताई, जिन्यावरून उतरवताना ती मला म्हणाली होती, दार बाहेरून लावलं होतं." मी विचारलं, हे कुणाला सांगितलंत? तो म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही."

त्याचं खरं होतं. पोलिसांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिला आणलं कुणी, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. त्या घरात नेमकं काय घडलं, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. पण तिचं ते वाक्य न्यायालयापुढे गेलं नाही, हे मात्र ठामपणे सांगते.

तुम्ही म्हणाल, चौकशी पोलिसांची, आमचं काम आग विझवायचं. बरोबर आहे. कोण दोषी हे तुम्ही ठरवायचं नाहीच. पण त्या घरात शिरणारा पहिला परका माणूस बहुतेक वेळा तुम्ही असता. नंतर फरशी धुतली जाते, स्टोव्ह जागचा हलतो.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तिचा जीव. कपडे पेटलेले असतील तर तिला आडवी करा, जाड सुती किंवा लोकरी घोंगडीत गुंडाळा. मग भाजलेल्या जागी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ, शाई, टूथपेस्ट काही नको. अंगाला चिकटलेलं कापड ओढू नका. सूज चढण्याआधी बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढा. सवाष्णीच्या बांगड्या कशा काढायच्या म्हणून हात आखडू नका. सुजलेल्या हातात त्या रुततात, रक्त पोहोचत नाही.

दुसरी, जागा. कडी आतून होती की बाहेरून? रॉकेलचा वास कुठे होता, ओट्याजवळ की पलंगाजवळ? फुटलेल्या स्टोव्हची टाकी फाटते. इथली टाकी शाबूत होती का? आता स्टोव्ह कमी झाले, गॅस आला, तसा 'सिलिंडरचा भडका' अहवालात येऊ लागला. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो, हे तुम्हाला माहीत आहे. मग नळी, रेग्युलेटर, बटणं कशी होती ते लिहा. जे पाहिलं तेच लिहा, अंदाज लिहू नका.

तिसरी, तिचं बोलणं. ती बोलली तर तिचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह वर्दी अहवालात उतरवा. त्या वेळी जवळ कोण होतं तेही लिहा. तिला खोदून विचारू नका, तिच्या तोंडी शब्द घालू नका. मृत्यूपूर्व जबाब तोंडीही असू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००२ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं आहे. लग्नानंतर सात वर्षांत जळून मृत्यू आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ, म्हणजे हुंडाबळी. १९८६ साली आलेलं हे ३०४ ब कलम जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८० झालं. कायद्याचा आकडा बदलला तरी पुरावा लागतोच. खरोखर अपघात असेल, तर निरपराध सासरलाही तुमची हीच नोंद वाचवेल.

आता या तीन भगिनींविषयी. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली स्थापन झालेलं. तिथे पहिली मुलगी, हर्षिनी कान्हेकर, शिकायला गेली ती २००२ साली. तुम्ही आज इथे आहात याचा मला फार आनंद आहे. जळालेली बाई तुमच्याशी कदाचित चार शब्द अधिक बोलेल. पण बंधूंनो, म्हणून हे काम या तिघींवर ढकलून मोकळे होऊ नका. रात्री दोनला वर्दी येईल तेव्हा बंबावर ज्याची पाळी, त्याचं हे काम.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक वर्गात या विषयाला दोन तास द्या आणि वर्दी अहवालात चार रकाने वाढवा: दार, वास, वस्तू, शब्द. साहेब इथेच बसले आहेत, त्यांनी आजच हो म्हणावं.

तो जवान आता निवृत्त झालाय. भेटला की अजून तिचंच बोलतो. तुमच्यापैकी कुणावर असं ओझं वाहायची पाळी येऊ नये. पाहिलेलं, ऐकलेलं त्याच रात्री लिहून ठेवा.