पाखरं ओरडत होती का रे?



मी आयुष्यभर थिएटरांत प्रोजेक्टर आणि स्पीकर बसवले. संयोजक म्हणाले, मोठ्या पडद्याबद्दल बोल. बोलतो, पण शेवटी भिवंडीतच येणार आहे.

२००१ साली वडाळ्याला आयमॅक्सचा घुमट सुरू झाला. मी बाबांना घेऊन गेलो. बाबा लूमचे जॉबर, त्यामुळे एसटीत बसल्यापासून यंत्राच्याच चौकशा. मी कानाशी तोंड नेऊन सांगत होतो. साध्या सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म उभी सरकते, एका चित्राला ४ भोकं. आयमॅक्सची ७० मिलिमीटरची फिल्म आडवी धावते, एका चित्राला १५ भोकं. चित्र जवळजवळ १० पट मोठं. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे मिनिटाला १०० मीटरहून जास्त फिल्म. एवढ्या वेगात झटके देऊन ओढली तर फाटेल. म्हणून रॉन जोन्स या ऑस्ट्रेलियन माणसाने शोधलेल्या युक्तीने ती लाटेसारखी पुढे जाते.

बाबा म्हणाले, "म्हणजे धोट्यासारखा फटका नाही."

त्या फिल्मवर आवाजाची पट्टी नसते. सगळी जागा चित्राला. आवाज वेगळ्या यंत्रावरून, ६ वाटांनी, चित्राशी जुळवून सोडतात. घुमटाचा पडदा बारीक भोकांच्या ॲल्युमिनियम पत्र्यांचा, आणि स्पीकर त्याच्या मागे. त्यामुळे जिथे चित्र, तिथूनच आवाज येतो.

सिनेमा निसर्गावरचा होता. ढग गडगडले तेव्हा बाबांनी छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून हसले. परतताना मात्र त्यांनी विचारलं, "ती पाखरं ओरडत होती का रे?"

सबंध घुमट पाखरांच्या आवाजाने भरला होता.

गोंगाटाने कान जातो तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात. जाड आवाज ऐकू येतात, म्हणून माणसाला वाटतं आपलं ठीक आहे. स, श, फ ऐकू येत नाहीत. बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाही. कारखान्यात बाबा ओठ बघून बोलणं ओळखायचे. आम्हाला ती त्यांची हुशारी वाटायची. जगभरच्या लोकांना नीट ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावत फिरलो, आणि घरातलं मला कळलं नाही.

कारखान्यात ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरतात. मागांच्या शेडमध्ये आवाज सहज त्यावर जातो. आणि कानातल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

आपल्यातले कितीतरी जण आज लूम चालवतात. कामगारांना कानात घालायचे बोळे द्या, वर्षातून एकदा त्यांचे कान तपासून घ्या. स्वतःचेही तपासा. दाराजवळच्या टेबलावर मी बोळ्यांचा एक खोका ठेवला आहे. जेवायला जाताना प्रत्येकाने मूठभर घेऊन जा.